टेस्टरवाले काका

डिसेंबरात पुण्याचा पारा दहाच्या खाली उतरला, की सोसायट्यांमधले गिझर एकेक करून माना टाकतात. उन्हाळाभर निवांत पडून असलेलं यंत्र, नेमकं मुलाची परीक्षा, पाहुण्यांची गाडी आणि सूनबाईंची नऊची मीटिंग एकत्र आलेल्या सकाळी संपावर जातं. घरात हलकल्लोळ माजलेला असतो आणि जिन्यात मात्र एक गृहस्थ विलक्षण प्रसन्न चेहऱ्यानं उतरताना दिसतो. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर आणि हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. हे टेस्टरवाले काका. नाव, आडनाव, मजला बदलेल. पण प्रत्येक सोसायटीत हे एक असतातच. जिथे नसतील तिथे बिल्डरनं काहीतरी लपवलंय असं खुशाल समजावं.

काकांना कोणी बोलावलेलं नसतं. बादलीचा आणि उलथापालथीचा आवाज त्यांना दोन मजल्यांवरून कळतो. दारात येऊन ते एवढंच म्हणतात, "वहिनी, कॉइल का थर्मोस्टॅट?" वहिनींना दोन्हींतलं काही माहीत नसतं, म्हणून त्या बाजूला होतात. काका आत.

काका आयुष्यभर पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत होते. "आमच्या कंपनीत" ही त्यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात. ऐकणाऱ्याला वाटतं, गृहस्थ मेंटेनन्सला असणार. काका स्टोअर्सला होते. पाने-पकडी त्यांच्या सहीनं बाहेर जात आणि संध्याकाळी त्यांच्याच सहीनं परत येत. चाळीसेक वर्षं हत्यारं दुसऱ्यांच्या हाती देण्यात गेली. ती वापरायची हौस राहिली ती राहिलीच, आणि निवृत्तीनंतर तिनं अख्खी सोसायटी वेठीला धरली.

तो डबा एकदा उघडा पाहण्यासारखा आहे. पक्कड, दोन पाने, टेफ्लॉन टेपची अर्धी रिंग, चिकटपट्टी, एम-सीलची कडक होऊन गेलेली कांडी, सायकलच्या ट्यूबमधून कातरलेले वॉशर आणि वेगवेगळ्या वस्तू जोडून झाल्यावर उरलेले स्क्रू. हे स्क्रू कुठले, हे विचारायचं नाही. काकांच्या मते कंपन्या मुद्दाम दोन-चार जास्तीचे घालतात.

त्यांची निदानं तीनच: वॉशर गेलाय, लूज काँटॅक्ट आहे, नाहीतर व्होल्टेज कमी आहे. हसू नका, यातलं एखादं बऱ्याचदा बरोबर निघतं. गिझर साधारण दोन हजार वॉटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपियर ओढतो. तो सहा अँपियरच्या साध्या सॉकेटला लावणारे महाभाग आजही आहेत. सोळाच्या सॉकेटमध्येही पिन सैल असली की ती तापते, प्लास्टिक आधी पिवळं, मग काळं पडतं आणि एक दिवस गिझर 'बिघडतो'. काका नुसत्या वासावरून हे सांगतात आणि नवा सॉकेट आणायला पिटाळतात. नवा गिझर बसला, की आधी गरम पाण्याचा नळ सोडून टाकी भरल्याची खात्री करायची आणि मगच बटण दाबायचं, कारण कोरड्या टाकीत कॉइल पाहता पाहता जळते, हेही त्यांनीच अख्ख्या विंगला शिकवलं. बोअरच्या पाण्यानं कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो, मग वीज तेवढीच जळते आणि पाणी मात्र कोमट येतं. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः गंजते आणि अधूनमधून बदलावी लागते. हे सगळं काकांना पाठ. कंपनीच्या माणसाला फोन लावावा तर तक्रार नोंदवल्याचा गोड आवाज येतो, "उद्या येतो" म्हणणाऱ्याचा उद्या परवा उगवतो, आणि आला की "काका, बॉडीच बदला" म्हणतो. असल्या दिवसांत पाना घेऊन उभा राहिलेला शेजारी देवासारखाच वाटणार.

काकांच्या आत्मविश्वासाचं मूळ शोधायचं तर थेट वाड्यातल्या न्हाणीघरात जावं लागेल. तिथे तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. वरून गार ओतायचं, तोटीतून कढत घ्यायचं. लहानपणी तो पेटवायचं काम काकांकडे होतं. करवंट्या, गोवरीचे तुकडे, फुंकणी आणि डोळ्यांत धूर. बंब गळायला लागला की वडील तो खाली उतरवत, डाग देऊन आणत, चिंचेनं घासत, आणि पुढची काही वर्षं चिंता मिटे. आज तो काकांच्या दिवाणखान्यात चकचकीत होऊन मनीप्लँट वागवतो. पाहुणा आला की काका त्यावर थाप मारतात. "ह्याला कधी सर्व्हिस इंजिनीअर लागला?"

नसेल लागला. बंब वरून उघडा होता हो! आत काहीही झालं तरी वाफेला वाट होती. फार तर विझायचा, फार तर गळायचा. गिझरची टाकी चहूबाजूंनी बंद असते. गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याचा दाब तिच्यावर सतत असतो, आणि पाणी तापलं की फुगतं. ते मागे पाइपात जाऊ नये म्हणून एक व्हॉल्व्ह असतो आणि दाब वाढला तर थोडं पाणी बाहेर टाकणाराही एक असतो. गिझर चालू असताना तिथून चार थेंब पडणं हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण. पण वाड्यातल्या माणसाला ठिबकणारी वस्तू बघवत नाही. आपल्या घरच्या गिझरखाली ते थेंब दिसले, त्या दिवसापासून काकांचं जेवण गोड लागेना.

त्याच थंडीत त्यांच्या घरची वीज सारखी जायला लागली. गिझरचं बटण दाबलं की बोर्डावरचा आरसीसीबी खटकन पडायचा. दिवे, पंखे, फ्रीज सगळं ठीक. फक्त गिझर लावला की अंधार. काका रबरी स्लिपर घालून, वर पाट घेऊन त्यावर उभे राहिले. टाकीला बोटांच्या मागच्या बाजूनं हात लावून पाहिला. करंट बसला तर मूठ आपोआप मिटते, पण मागून लावला तर वायर धरली जात नाही, हे वायरमन मंडळींचं शास्त्र त्यांनी स्टोअर्सच्या खिडकीतून ऐकलेलं. काही लागलं नाही. टेस्टर लावला, तो प्लगमध्ये पेटला, म्हणजे वीज येते आहे. मग दोष कोणाचा?

"हे आरसीसीबी फार नाजूक प्रकरण," काकांनी निकाल दिला. "आमच्या वाड्यात किटकॅट फ्यूज होते. तार जाडी घातली की वर्षानुवर्षं बघायला नको. हे काढून सरळ जोडून टाकतो."

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं नाही. "अहो, जोडा, पण उद्या. आज एकादशी आहे."

एकादशीला आरसीसीबी काढू नये असं शास्त्रात कुठेही नाही. आणि एकादशीच्या दिवशी पोळ्या कुणासाठी चालल्या होत्या, हेही काकांच्या लक्षात आलं नाही. काकूंनी दरम्यान मोबाइलवरून एका मेकॅनिकला गाठलं होतं.

तासाभरात एक पोरगा आला. पाठीला सॅक, एका कानात फोनची ती पांढरी गुंडी. काका पाटावरच उभे.

"काय केलंस शिक्षण?"

"आयटीआय, काका. इलेक्ट्रिशियन."

"हं. आमच्या कंपनीत आयटीआयची पोरं यायची. चांगली असायची," काका म्हणाले, पण पाटावरून हलले नाहीत.

पोरानं आधी मेन बंद केला. खालचं झाकण काढलं, कॉइलच्या वायरी सोडवल्या आणि खिशातून मल्टिमीटर काढून एक टोक कॉइलच्या पिनेला, दुसरं टाकीच्या पत्र्याला लावलं. इथे काहीच दिसायला नको. पण मीटरनं आकडा दाखवला. कॉइलच्या वरच्या नळीला चीर जाऊन आत पाणी शिरलं होतं, आणि वीज पाण्यातून, टाकीतून अर्थिंगकडे पळत होती. आरसीसीबी तेवढ्यासाठीच पडत होता. तो साधारण तीस मिलिअँपियरची गळती दिसली की वीज तोडतो. एमसीबी आणि फ्यूज वायर जळू नये म्हणून असतात, आरसीसीबी मात्र माणूस जळू नये म्हणून असतो. तो काढून टाकला असता आणि अर्थिंग कुठे तुटलेलं असतं, तर नळाला हात लावणाऱ्याच्या अंगातून ती वीज गेली असती.

"तुमच्याकडे मीटर नाही का काका?" पोरानं सहज विचारलं.

"आहे," काकू आतून म्हणाल्या. "मुलानं अमेरिकेहून आणलाय. कपाटात आहे, पेटीसकट. वापरला तर खराब होईल ना."

एवढ्यावर भागलं असतं. पण पोराची नजर वर गेली आणि तो गप्प झाला. थेंब टाकणाऱ्या त्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी एम-सीलचा छान गुळगुळीत गोळा बसवलेला होता. वर अंगठ्याचा ठसा.

"हे कुणी केलं?"

काका छताकडे बघू लागले. पोरगा आत्तापर्यंत काका-काका करत होता. आता त्याचा आवाज चढला. थर्मोस्टॅट चिकटून बसला तर पाणी तापतच राहतं. त्यानंतरचा पहारेकरी कटआउट. तोही नाही उडाला, तर जीव वाचवणारी ही एवढीच भोकं. ती बुजवलीत तर दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जातं, टाकी फाटते, आणि बाहेर पडल्याबरोबर त्यातलं काही पाणी एका क्षणात वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते. बाथरूमची भिंत एवढी जागा देत नाही. पोरानं हे इतक्या रीतसर सांगितलं नाही. तो म्हणाला, "काका, तुमचं घर उडालं असतं." अर्थ तोच.

त्यानं व्हॉल्व्ह बदलला, नवी कॉइल बसवली, रीतसर पावती दिली. काका पावती डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते. "कॉइल महाग लावलीस," एवढंच बोलले. पण पोरगा गेल्यावर त्यांनी कपाटातून मीटरची पेटी काढली, आणि त्या हिवाळ्यात सोसायटीतल्या एकाही गिझरची पिन त्यांनी मीटर लावल्याशिवाय सोडली नाही.

माणूस कितीही उपद्व्यापी असला तरी त्याला थांबायचं कुठे हे कळत असेल, तर मी त्याला माफ करतो. काकांना ते कळतं, हे आम्हाला तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू पोरांमुळे समजलं. कॉलेजची मुलं. विजेचं बिल वाचावं म्हणून त्यांनी गॅस गिझर बसवला होता, तोही बाथरूमच्या आत. थंडी वाजते म्हणून झरोक्यात वर्तमानपत्र कोंबलेलं. एकजण आंघोळ करून बाहेर आला तो भिंत धरून, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणत. दुसऱ्यानं काकांना हाक मारली, की गिझरची ज्योत पिवळी का दिसते ते बघा.

काका आले. दारातून आत एक नजर टाकली. डबा उघडला नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या, पोराला गॅलरीत मोकळ्या हवेत बसवलं आणि दुसऱ्याला रिक्षा आणायला पाठवलं, दवाखान्यासाठी.

"काका, सेल बदलून बघायचे का?" तिसरा म्हणाला. गॅस गिझरला ठिणगीसाठी दोन मोठे सेल लागतात, आणि बिघाड म्हटलं की सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो.

"हात लावायचा नाही," काका म्हणाले. "पाणी गळलं तर दिसतं. करंट असला तर मीटर सांगतो. ह्याला माझ्या डब्यात काही नाही."

खरंच नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी पडतो, ज्योत निळीची पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. घरगुती गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते, कडी काढायचं भान राहत नाही, आणि बाहेरच्यांना वाटतं, आज आंघोळ जरा लांबली. दर हिवाळ्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अशी बातमी येतेच.

तो पोरगा बरा झाला. गिझर अधिकृत माणसाकडून उघड्या हवेत, ड्राय बाल्कनीत हलवला गेला, आणि झरोक्यातला कागद काकांनी स्वतःच्या हातानं काढला. तेवढं काम त्यांच्या डब्यात बसत होतं.

तेव्हा सॉकेट, वॉशर, नळाची तोटी यासाठी तुमच्या सोसायटीतल्या काकांना जरूर बोलवा, आणि चहा द्या. टाकीचं झाकण उघडायचं असेल तर आयटीआयवाल्या पोराची वाट बघा, उद्याचा परवा झाला तरी. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो याच आठवड्यात बाहेर काढून घ्या. आणि गॅसचा वास आला तर १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. काकांना फोन केलात तरी हरकत नाही, तेही हाच नंबर देतील.