हरणांचा हंगाम, मुक्काम पोस्ट गोखिवरे

माझा धाकटा मेहुणा विस्कॉन्सिनहून आला तेव्हा त्याच्या एका बॅगेत चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मलम होतं. दुसऱ्या बॅगेत थंडी होती. म्हणजे लोकरीचे तीन थर, बोटं नसलेले हातमोजे, त्यावर घालायचे बोटं असलेले हातमोजे, तंबू, आणि गुंडाळलेल्या गादीएवढी एक झोपायची पिशवी. पिशवीवर मोठ्ठं शून्य छापलेलं होतं.

"शून्य अंशापर्यंत चालते?" मी विचारलं.

"भावोजी, ते फॅरेनहाइट. आपले उणे अठरा."

आमच्या वसईजवळच्या गोखिवऱ्यात त्या दिवशी सतरा होतं. उणे नाही, अधिक. आणि त्या सतराला आमच्या इमारतीतले निम्मे लोक माकडटोप्या घालून दूध आणायला उतरले होते. त्यांना हसायचं कारण नाही. १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला ७.४ पर्यंत पारा उतरला होता, आणि सासरे ती थंडी अशी सांगतात की जणू काही त्यांनीच ती उतरवून घेतली होती.

मेहुण्याचं घरातलं नाव बाळ्या. वय चव्वेचाळीस. बारा वर्षांपूर्वी नोकरीसाठी तिकडे गेला आणि तिकडच्या लोकांबरोबर हरणांच्या शिकारीला जायला लागला. पहिल्या रात्री जेवताना त्याने आम्हाला हंगाम समजावून सांगितला. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. पाच लाखांच्या वर माणसं परवाने काढून रानात शिरतात. पहाटे अंधारात झाडावरच्या मचाणावर चढायचं आणि गप्प बसायचं.

"नऊ दिवस बसायचं? म्हणजे नवरात्रच की!" बायको म्हणाली.

"नाही गं ताई. त्यात कपड्यांचाही कायदा आहे. कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भगभगीत नारिंगी हवेत. नाहीतर दुसरा शिकारी आपल्यालाच हरीण समजायचा. २०१६ पासून गुलाबीही चालतो."

"रंगसुद्धा ठरलेले? मग नवरात्रच!"

बाळ्याने नाद सोडला. एवढा भडक रंग घातल्यावर हरीण पळून जात नाही का, या माझ्या शंकेवर मात्र त्याने चांगलं उत्तर दिलं. हरणाला नारिंगी नारिंगी दिसतच नाही. आपल्यातल्या काही माणसांना तांबडं-हिरवं वेगळं ओळखू येत नाही, तशातली गत. म्हणजे ज्याच्यापासून लपायचं त्याला दिसत नाही आणि ज्यांच्याबरोबर आलो त्यांना मैलावरून दिसतं. असा पोशाख मला ऑफिसात नेमका उलटा हवा आहे.

जेवण झाल्यावर खरा बेत बाहेर आला. बाळ्याला इथे कॅम्प करायचा होता. "बंदूक नाही हो. नुसता कॅम्प. इथून जंगल केवढंसं लांब?"

हे खरं आहे. पूर्वेला गाळे संपतात तिथे गोखिवरं संपत नाही, पण जरा पुढे डोंगर सुरू होतात. तुंगारेश्वरचं अभयारण्य. २००३ साली जाहीर झालं, पंच्याऐंशी चौरस किलोमीटरच्या वर आहे, आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि तानसा यांना जोडणारा तो दुवा आहे. आमच्या वस्तीत एका नाक्याचं नावच 'रेंज ऑफिस' आहे. ती रेंज वनखात्याची. मोबाइलची त्या नाक्यावर असते आणि जंगलात नसते, त्यामुळे बाहेरून आलेल्यांचा हमखास गैरसमज होतो.

"बाळ्या," बायको म्हणाली, "१९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे. हरणाकडे वाकड्या नजरेनं बघायचं नाही. काळविटांपायी १९९८ पासून कोर्टाच्या पायऱ्या चढणारा हिरो तुला माहीत आहे ना? त्याच्याकडे निदान वकिलाला द्यायला पैसे होते."

शिवाय अभयारण्यात रात्री राहता येत नाही. तेव्हा असं ठरलं की रात्रीचा मुक्काम आमच्याच इमारतीच्या गच्चीवर करायचा आणि पहाटे उठून तुंगारेश्वरला जायचं. माझ्या प्रवासाचा पहिला टप्पा चार मजल्यांचा होता. लिफ्ट बंद असल्यामुळे तो मी प्रवासात धरतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवर वाळवणं घालण्याबद्दलचे सहा नियम दाखवले. तंबूबद्दल एकही नव्हता. त्यामुळे ते अस्वस्थ झाले. "पाहुणे तंबूत राहणार म्हणजे भाडेकरू धरायचे का?" त्यांनी विचारलं. धरायचं नाही असं ठरलं. जाळ मात्र करायचा नाही.

जाळाशिवाय कॅम्प म्हणजे बाळ्याचं तोंडच उतरलं. त्याला उकडहंडी करायची होती. वसईत जन्मलेल्या माणसाला थंडी पडली की पहिल्यांदा स्वेटर आठवत नाही, उकडहंडी आठवते. कंद, रताळी, शेवग्याच्या शेंगा, वालपापडी, वाटणाचा मसाला, सगळं मडक्यात थरावर थर लावून, पाला कोंबून बाहेरून जाळ. शेवटी सासूबाईंनी ती वसई गावातल्या वाडीत लावली आणि मी मडकं मांडीवर घेऊन रिक्षातून आणलं. स्टेशनजवळच्या गर्दीत ते मडकं माझ्या मांडीवर ज्या तापमानाला होतं, त्याची नोंद कुठल्याही वेधशाळेत नसेल. थंडीचा कॅम्प तिथेच माझ्यापुरता फसला होता.

गच्चीवर तंबूच्या खुंट्या ठोकायला माती नव्हती. बाळ्याने चार दोऱ्यांपैकी दोन पाण्याच्या टाकीला बांधल्या, एक डिशच्या छत्रीला आणि एक कपडे वाळत घालायच्या तारेच्या खांबाला. त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर मालिका दिसली नाही. ते गृहस्थ चौकशीला वर आले ते उकडहंडी खाऊनच खाली गेले.

मग आम्ही झोपलो. म्हणजे आडवे झालो. मी सोलापुरी चादर घेतली होती आणि मला खरोखर थंडी वाजत होती. बाळ्या उणे अठराच्या पिशवीत अधिक सतरामध्ये शिजत होता. अर्ध्या तासाने त्याने पहिला थर काढला, मग दुसरा. बाराच्या सुमारास बनियनवर येऊन तो पिशवीच्या बाहेर, पिशवीवर झोपला. मग डास आले. विस्कॉन्सिनच्या हंगामात डास नसतात, थंडीने मरतात. गोखिवऱ्यात ते थंडीत मरत नाहीत, एकत्र येतात. बाळ्या परत पिशवीत गेला. रात्रभर त्याची ही ये-जा चालू होती. पिशवीची चेन उघडताना जो आवाज होतो तो ऐकला की अजून माझी झोप उडते.

आणि कुत्री. खाली कुठलं तरी कुत्रं भुंकलं की बाळ्या अंधारात बोट वर करायचा. "भेकर!"

"कुत्रं आहे."

"भावोजी, भेकर कुत्र्यासारखंच भुंकतं. इंग्रजीत त्याचं नावच भुंकणारं हरीण आहे."

"असेल. पण हे आपल्या भंगारवाल्याचं कुत्रं आहे. मी त्याला नावाने ओळखतो."

अशी त्याने दोनपर्यंत सात भेकरं मोजली. मग आम्ही दोघेही उठून बसलो. मी विचारलं, इतक्या वर्षांत तू हरणं मारलीस तरी किती?

बाळ्या बराच वेळ बोलला नाही. लांब गाडीची शिट्टी झाली.

"अकरा हंगाम," तो म्हणाला. "हरणं शून्य."

पहिल्याच हंगामात, पहिल्याच सकाळी, मचाणाच्या बरोबर खाली एक मादी येऊन उभी राहिली होती म्हणे. बर्फ पडलेलं, तिच्या नाकातून वाफ निघत होती. "पण हातात बंदूक नव्हती. आईने पाठवलेलं सुकेळं होतं. अर्धं खाल्लेलं. ते चिकट हात घेऊन बंदुकीला कुठे लावायचे? मी बघत बसलो, ती बघत बसली. मग शेपटीचा पांढरा झेंडा वर करून गेली. त्यानंतर मी दर वर्षी सुकेळी घेऊनच जातो."

"आणि तुझ्या तिथल्या दोस्तांना काय सांगतोस?"

"नेम चुकला म्हणून सांगतो. ते पण तेच सांगतात."

त्यानंतर मला या माणसाचा राग येईनासा झाला. चादरीतला अर्धा भाग मी त्याला देऊ केला. त्याने नको म्हटलं. त्याला उकडत होतं.

पहाटे साडेपाचला बाळ्याने नारिंगी जाकीट चढवलं. इथे आपल्याला कोणी हरीण समजून गोळी घालणार नाही, असं मी परोपरीने सांगितलं. सवय असते, तो म्हणाला. या जाकिटाने पुढचा सगळा प्रवास वेगळ्याच वळणावर नेला.

रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "साहेब, हायवेचं काम कधी संपणार?" बाळ्या गोंधळला. महामार्गावर उतरलो तर एका टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून त्याला खड्ड्यांबद्दल सविस्तर सुनावलं. फाट्यावर चहा घेताना एका आजोबांनी नळाला पाणी येत नसल्याची तक्रार केली. आपल्याकडे नारिंगी जाकीट घातलेला माणूस म्हणजे ज्याच्यामुळे रस्ता बंद आहे तो माणूस. हरणाला तो रंग दिसत नसेल, नागरिकाला नीट दिसतो.

अभयारण्याच्या फाटकावर तिकीट काढलं आणि आत शिरलो. पावसाळ्यात ज्या ओढ्यांतून गुडघाभर पाण्यातून देवळाकडे जावं लागतं ते जानेवारीत कोरडे, नुसते गोटे. उन्हाची तिरीप अजून झाडांच्या शेंड्यांवरच होती. हवा खरोखर गार होती आणि मला पहिल्यांदाच कॅम्पला आल्यासारखं वाटलं. माकडं वरून जाकिटाकडे बघत होती. त्यांना रंग कळतात, आणि या रंगाबद्दल त्यांचं मत चांगलं दिसत नव्हतं.

वाट सोडून जायचं नाही, म्हणून आम्ही वाटेच्याच कडेला एका दगडावर बसलो. बाळ्याने खिशातून सुकेळ्यांची पुडी काढली. गप्प बसायचं, तो म्हणाला. आम्ही गप्प बसलो.

दहा मिनिटांनी डाव्या हाताच्या झाडीतून आवाज आला. भॉक. थांबून पुन्हा, भॉक.

रात्रभर सात भेकरं मोजणाऱ्या माणसाने मान हलवली. "कुत्रं," तो म्हणाला. "देवळाकडचं असेल."

आवाज थांबेना. एकसारखा, तालात. गप्प बसण्याचा आनंद मला नुकताच कळू लागला होता, म्हणून मी वैतागून एक ढेकूळ उचललं, जमिनीवर आपटलं आणि सणसणीत ओरडलो, "हाड्!"

झाडी सळसळली. काहीतरी तांबूस, शेळीएवढं, पाठ उचलत, पांढरी शेपटी वर करून वर चढत गेलं.

वाटेवरून वनरक्षक येत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "भेकराला हाड् म्हणणारे तुम्हीच पहिले," ते म्हणाले. बाळ्या तोंडातलं सुकेळं गिळायचं विसरला होता.

"एवढं सारखं का भुंकत होतं ते?" मी विचारलं.

"बिबट्या जवळ असला की भुंकतं तसं. चला, बसू नका इथं."

२०२४ साली वसईच्या किल्ल्यात जवळपास महिनाभर बिबट्या राहून गेला, तेव्हापासून आमच्या भागात हा विषय चेष्टेचा राहिलेला नाही. देवळात जाऊन घंटा वाजवण्याचा बेत आम्ही न बोलता रद्द केला. उतरताना बाळ्याचा वेग पाहून मला वाटलं, विस्कॉन्सिनची हरणंही मागे पडली असती. जाकीट त्याने काढून काखेत धरलं. मग बिबट्याला रंग दिसतो का यावर आम्ही कुजबुजत चर्चा केली आणि त्याने ते परत घातलं.

फाट्यावर पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं आणि थंडीचा हंगाम त्या दिवसापुरता संपला होता. टपरीवर सकाळचे आजोबा अजून बसलेले होते. त्यांनी हाताने बाळ्याला जवळ बोलावलं.

"साहेब, बघून आलात ना वरपर्यंत? मग सांगा, सुरू कधी होणार?"

बाळ्याने चहाचा घोट घेतला. रात्रभराचं जागरण, बिबट्या, भेकर, सगळं त्याच्या तोंडावर होतं.

"नोव्हेंबरात," तो म्हणाला. "शनिवारी. नऊ दिवस चालतं."

आजोबांचं समाधान झालं. त्यांनी वळून बाकड्यावरच्या माणसाला सांगितलं, "बघ, तारीख दिली. आजवर कोणी दिली नव्हती."