पावती फाडा, हाती झाडूही द्या

रस्त्यावर, मैदानात किंवा गडावर दारू पिताना पकडलं की आपल्याकडे पहिला फोन ओळखीच्या माणसाला जातो. नगरसेवक, मामा, नाहीतर पोलिसात असलेला मित्राचा भाऊ. मग हळू आवाजात विचारणा होते, "साहेब, इथंच मिटवता येईल का?" उघड्यावर दारू पिण्यापेक्षा मला हा प्रश्न जास्त खटकतो.

इथंच मिटवलं की पाचशेची नोट या खिशातून त्या खिशात जाते. नोंद कुठेही होत नाही, फुटलेल्या बाटलीच्या काचा तिथंच पडून राहतात आणि पुढच्या शनिवारी तीच टोळी त्याच कट्ट्यावर हजर. ज्याच्या खिशात नोट नसते आणि फोन करायला कुणी नसतं, तो तेवढा गाडीत बसून ठाण्यात जातो. कायदा एकच, पण शिक्षा ओळखीवर ठरते. हे चीड आणणारं आहे आणि त्यात देणाऱ्याचा हात घेणाऱ्याइतकाच बरबटलेला आहे.

म्हणून पकडले गेलात तर सरळ वागा. हुज्जत घालू नका, "ओळखतोस का मला" हे तर चुकूनही तोंडातून काढू नका. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. महाराष्ट्रात कारवाई बहुधा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली होते. खिशात पिण्याचा परवाना आहे म्हणून सुटका होत नाही, त्या परवान्यावर सार्वजनिक जागी पिता येत नाही. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर तोंडाचा वास, चाल, बोलणं तपासतात, रक्तही घेऊ शकतात. तिथं दंगा केला तर प्रकरण आणखी वाढतं. कागदावर सही करण्याआधी तो वाचा. कलम कोणतं लावलंय ते बघा, टिपून ठेवा.

आणि तारखेला जा. इथं पोरं हमखास चुकतात. समन्स येतं, ते घरच्यांना दिसू नये म्हणून गादीखाली सरकवलं जातं. मग जामीनपात्र वॉरंट, त्यानंतर अजामीनपात्र. वर्षभरानं आखातात नोकरी लागते, पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी होते आणि प्रलंबित फौजदारी खटला समोर उभा राहतो. न्यायालयाची परवानगी आणा, मगच पुढे. सकाळभरात संपलं असतं ते काम, त्यापायी नोकरी हातची जाते.

ती सकाळ कशी असते तेही सांगतो. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर दहा-पंधरा जण दाटीवाटीनं बसलेले, बहुतेक रोजंदारीवरचे. त्या दिवसाचा खाडा झालेला. शिपाई नाव पुकारतो, माणूस चपला सावरत पुढे जातो, हात जोडतो. "गुन्हा कबूल आहे?" "कबूल, साहेब." दंड सांगितला जातो आणि पुढचं नाव पुकारलं जातं. कबुली म्हणजे दोषसिद्धी आणि ती कागदावर राहते, हे त्याला त्या बाकावर कुणीही सांगितलेलं नसतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला तर हे आधी कळायलाच हवं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गरजूंना मोफत वकील मिळतो, तो मागा. तुम्ही प्यायलाच नसाल तर घाईनं "कबूल" म्हणू नका. प्यायला असाल तर कायदा समजून घ्या, मग कबूल करा आणि दंड भरा.

आता सरकार आणि न्यायालयांकडे वळतो. १८६० च्या दंडसंहितेत दारूच्या नशेत सार्वजनिक जागी लोकांना त्रास देणाऱ्याला जास्तीत जास्त २४ तासांची कैद किंवा १० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. ते दहा रुपये थेट २०२४ पर्यंत टिकले! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्ये दंड १००० रुपयांपर्यंत गेला आणि त्यासोबत एक नवी शिक्षा आली, सामुदायिक सेवा. समाजाच्या उपयोगाचं काम, तेही विनामोबदला. मला विचाराल तर या गुन्ह्यासाठी याहून योग्य शिक्षा नाही. पैसेवाल्याचे हजार रुपये एका रात्रीच्या बिलात जिरतात. रोजंदारीवाल्याला मात्र तेच हजार आठवडाभर पुरतात. घाम दोघांचा सारखाच निघतो.

गोव्यानं २०१९ मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर पिणाऱ्याला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड ठरवला. पुण्या-मुंबईहून चार जण गाडी करून जायचे, त्यांना दहा हजार वाटून घेणं जड नव्हतं. किनाऱ्यावरच्या वाळूत अनवाणी फिरून काचा वेचायला लावा, मग बघा. (हातमोजे द्या, तेवढी माणुसकी हवीच.)

आपल्या गडांवर तर हे उद्याच सुरू व्हायला हवं. दर ३१ डिसेंबरला दुर्गप्रेमी तरुण थंडीत कुडकुडत पायथ्याशी पहारा देतात, पर्यटकांच्या पिशव्या तपासतात, वाद अंगावर घेतात. पावसाळ्यानंतर टाक्यांमधून बाटल्या उपसतात तीही हीच पोरं. ज्यानं बाटली टाकली त्यानं ती का उपसू नये?

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. दुकानातून क्वार्टर घ्यायची, पण ती प्यायची कुठे? घरी दहा बाय दहाच्या खोलीत लेकरं आहेत, बारमध्ये बसणं परवडत नाही, त्यात २०२३ मध्ये तिथला व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. माणूस दुकानामागच्या बोळात, शाळेच्या भिंतीला टेकून, प्लास्टिकचा ग्लास आणि शेंगदाण्याची पुडी घेऊन बसतो. त्याला पकडायचं आणि त्या बोळात रोज संध्याकाळी अड्डा भरतो हे माहीत असून गप्प बसणाऱ्या दुकानदाराला सोडायचं, हे चालणार नाही. दुकानाभोवतीच्या परिसराची जबाबदारी त्याच्या परवान्याच्या अटीत घाला. ती पाळली नाही तर परवाना निलंबित करा.

सामुदायिक सेवेसाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. न्यायाधीशांनी आदेशात जागा आणि तास लिहावेत, पालिकेच्या मुकादमानं किंवा गडावरच्या वनरक्षकानं हजेरी घ्यावी आणि तो कागद न्यायालयात परत यावा. बाकीच्यांनी एवढंच पाळावं की "सोडवा हो आमच्या पोराला" असा फोन आला, तर सोडवायला जायचं नाही.