पैनगंगेपाशी थांबणारा अंदाज

मृग लागला की आदिलाबादच्या कृषी केंद्रांपुढे बियाण्यासाठी रांग लागते आणि रांगेत एकच विषय असतो : औंदा पाणी कधी? उत्तर ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये असतं, आणि ज्याचं त्याचं वेगळं असतं. तो अंदाज कुणी केला, कशाच्या जोरावर केला, कुठल्या भागासाठी केला, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारायला हवं. २०२५ साली मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोहोचला. सगळीकडे आनंदीआनंद. मग मे संपता संपता तो थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे हललाच नाही. ‘मान्सून दाखल’ ही बातमी एका मोठ्या प्रदेशावरचे वारे, ढग आणि पाऊस यांची असते. तुमच्या वावरातल्या ओलीचा तिच्याशी संबंध नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं ते याचसाठी. कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला त्या वर्षी ९०१ रुपये पडत होते. दुबार पेरणी म्हणजे ते पुन्हा मोजायचे, मजुरी वेगळी.

आता पत्रक कसं वाचायचं ते बघू. हवामान विभागाचं शेतकऱ्यांसाठीचं पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं, पुढच्या पाच दिवसांचं. त्यात ‘तुरळक ठिकाणी’ असेल तर जिल्ह्यातल्या फार तर पाव भागात पाऊस धरायचा. ‘काही ठिकाणी’ म्हणजे अर्ध्यापर्यंत. बेल्यात पाणी पडलं आणि जैनथला थेंब नाही, तरी तो अंदाज खरा ठरलेला असतो. जूनचा गडगडाटी ढग चार-दोन कोसांच्या पलीकडे पसरत नाही आणि तासाभरात विरतो. तो कुठल्या शिवारावर फुटणार हे पाच दिवस आधी जगातली कुठलीच यंत्रणा सांगू शकत नाही. जो गावाचं नाव आणि वेळ सांगतो, त्याच्यावर बियाणं लावू नका.

उलट ‘बंगालच्या उपसागरात कमी दाब’ ही बातमी सोन्याची आहे. तो पट्टा ओडिशा, छत्तीसगड असं करत विदर्भाकडे सरकतो आणि त्याच्या नैऋत्येला पाऊस सगळ्यात जास्त कोसळतो. तो चंद्रपूर-नागपूरच्या आसपास आला की आदिलाबाद नेमकं त्याच कोपऱ्यात सापडतं. जुलै २०२२ मध्ये आपल्या डोंगरांवर असाच पाऊस झाला आणि खाली कडेम धरणाचा जीव टांगणीला लागला. अशा पावसाची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते. फवारणी, खत, डवरणी मागेपुढे करायला तेवढा वेळ पुरतो.

पण ही चाहूल पोहोचते कुणाला? पैनगंगेच्या दोन्ही काठांना तीच काळी जमीन, तीच पऱ्हाटी आणि तीच मराठी. मराठी वाहिन्यांवरचा विदर्भाचा अंदाज नदीपाशी संपतो. अलीकडच्या, म्हणजे तेलंगणाच्या काठाचा अंदाज हैदराबादहून तेलुगूत आणि इंग्रजीत येतो. बेला, जैनथ, तामसी या मंडलांतल्या मराठी माणसाच्या हाती उरतात फॉरवर्ड. पिढ्यान्पिढ्या इथेच कसणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावं याचा मला राग येतो.

दुसरी अडचण यंत्राची. वादळ आत्ता कुठे आहे हे डॉप्लर रडार दाखवतं आणि त्यावरून पुढच्या दोन-तीन तासांचा अंदाज बांधता येतो. आदिलाबादहून नागपूरचं रडार सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरवर, हैदराबादचं अडीचशेच्या घरात. रडारचा किरण किंचित वर रोखलेला असतो आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून नागपूरचा किरण आपल्या डोक्यावर येईस्तोवर तीन किलोमीटरच्या वर चढलेला असतो, हैदराबादचा त्याहून कितीतरी उंच. ढगाच्या पोटाखाली काय चाललंय ते दोघांनाही दिसत नाही. आदिलाबादला जवळचं रडार मिळालंच पाहिजे, ही मागणी खासदार-आमदारांनी लावून धरावी.

तोवर विजेपासून आपणच सावध राहायला हवं. १२ जून २०२५ ला गादीगुडा आणि बेला मंडलांत वीज पडून सहा माणसं गेली. पेरणीचे दिवस होते, माणसं वावरात होती. पाऊस आला की आपण झाडाखाली नाहीतर खोपटीत शिरतो, आणि विजेपासून या दोन्ही जागा वाचवत नाहीत. गडगडाट कानावर आला म्हणजेच तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. लखलखाटापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजा, तिनाने भागा, उत्तर किलोमीटरमध्ये. दहा आलं तरी काम सोडा, पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फुकट आहे. घरातल्या पोराकडून आजच टाकून घ्या.

आणि पाऊस स्वतः मोजा. सरळ काठाचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवा. वीस मिलिमीटर म्हणजे एकरी जवळपास ८१ हजार लिटर पाणी. रोजचा आकडा लिहा, बेरीज करा, खुरप्याने वीतभर खणून ओल बघा, मग तिफण काढा.

राहिलं पत्रक. तेलंगणात दर पाच हजार एकरांमागे एक रैतू वेदिका, म्हणजे शेतकऱ्यांच्या बैठकीची इमारत, बांधली आहे. तिथे फळा आहे, कृषी विस्तार अधिकारी आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या फळ्यावर पाच दिवसांचा अंदाज तेलुगूसोबत मराठीत आणि जिथे गोंड वस्ती आहे तिथे गोंडीत लिहायला कितीसा वेळ लागतो? आदिलाबादच्या आकाशवाणीवरून तोच अंदाज मराठी आणि गोंडी या दोन्ही भाषांत रोज संध्याकाळी वाचला जावा. या शुक्रवारी आपापल्या वेदिकेवर जा आणि फळ्यावर काय लिहिलंय ते बघा. कोरा असेल तर तिथेच अर्ज लिहून द्या.