हेडसेट आणि चष्म्याची काडी

वैमानिकाचा हेडसेट दुकानात घालून बघायला देतात, ही माझी पहिली तक्रार आहे. दुकानात एसीखेरीज आवाज करणारं काही नसतं. विक्रेता बटण दाबतो, एसीची घरघर थांबते, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि हजार-बाराशे डॉलरांचा व्यवहार पुरा होतो. ज्या आवाजापायी हा खर्च करायचा, तो आवाज त्या खोलीत येतच नाही.

मी सेसना 172 उडवतो, निव्वळ हौसेसाठी. सुट्टीच्या दिवशी पालो आल्टोहून निघायचं, वॉटसनविलला जेवायचं आणि परत यायचं. या विमानाला चार सिलिंडरचं इंजिन आणि दोन पात्यांचा पंखा असतो. मिनिटाला 2400 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 40. दर फेरीला दोन पाती समोरून जातात आणि दोन सिलिंडर पेटतात. म्हणजे पंख्याचा घुमारा 80 हर्ट्झचा आणि इंजिनाचाही 80 हर्ट्झचाच. खर्जातला हा आवाज कानाभोवतीच्या नुसत्या गादीला जुमानत नाही. उलट लहर सोडून आवाज कापणारी हेडसेटमधली यंत्रणा नेमकी इथे कामाला येते, कारण खर्जातली लहर संथ असते आणि तिची उलट लहर वेळेत तयार करता येते. वाऱ्याचा सोसाटा आणि दाराच्या फटीतली शिट्टी हे वरच्या पट्टीतले आवाज मात्र कानाभोवतीची गादीच अडवते.

आणि गादीचं काम कुकरच्या रिंगेसारखं असतं. कुठे जरा फट राहिली की सगळं गेलं. माझ्या बाबतीत ती फट पाडते चष्म्याची काडी. जाड प्लॅस्टिकची काडी कानाच्या वर गादी उचलून धरते, तिथून वरच्या पट्टीतला आवाज शिरतोच, शिवाय खर्ज कापण्याचं कामही बिघडतं. हेडसेट घट्ट केला तर तीच काडी कानशिलात रुतते. वैमानिकांत चष्मेवाले काही थोडेथोडके नाहीत. तरी जाहिरातीतला वैमानिक बघावा, तर त्याच्या नाकावर चष्मा नसतो, आणि असलाच तर तारेच्या काडीचा, उन्हाचा.

खोक्यावरच्या आकड्याचीही तीच गत. अमेरिकेत कानाच्या संरक्षणासाठी डेसिबलचा जो ठरीव आकडा छापतात, तो नुसत्या गादीच्या कामाचा असतो. ज्या यंत्रणेसाठी आपण तिप्पट पैसे मोजतो, तिच्यासाठी असा सर्वमान्य आकडाच नाही. तिथे विशेषणांवर भागवलेलं असतं. तुलना करायची कशाची?

बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना या यंत्रणेची कल्पना 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातच सुचली. विमानातल्या हेडफोनमधून इंजिनाच्या आवाजापुढे काही धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच गणित मांडायला घेतलं. 1986 मध्ये डिक रुटन आणि जीना येगर ‘व्हॉएजर’ विमानातून कुठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा करायला निघाले, तेव्हा त्यांच्या कानांवर याच यंत्रणेचे नमुने होते. नऊ दिवसांचा प्रवास होता तो. हेडसेट बाजारात आला तो 1989 मध्ये. म्हणजे ज्यांनी तो घडवला त्यांना तो नऊ दिवस इंजिनाशेजारी तपासून मिळाला, आणि आम्हाला पाच मिनिटं मिळतात. ऑशकॉशच्या विमानमेळ्यात सगळे बनवणारे एका जागी भेटतात हे खरं, पण मागे रांग असते. टाळू दुखायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ तिथे कोण बसू देणार?

कान जपायचे असतात म्हणून हा त्रागा. आमच्या विमानात 90 डेसिबलच्या आसपास आवाज असतो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेच्या मते 85 डेसिबल आठ तास चालतात, 88 चारच तास, 94 एक तास. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आमच्या मैदानावरचे जुने वैमानिक म्हणतात, इंजिन ऐकू आलं पाहिजे, हिरव्या टोप्यांचा, नुसत्या गादीचा डेव्हिड क्लार्क हेडसेट घे आणि मोकळा हो. तो हेडसेट दणकट आहे, हे मला मान्य आहे. पण आवाज कापला की इंजिन ऐकू येत नाही हे खरं नव्हे. लय बिघडली तर आवाज कापूनही कळते, बुडाखालच्या सीटमधून कळते, आणि इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो तपासताना फेऱ्या किती उतरल्या ते काट्यावर बघायचं असतं.

मागच्या सीटचा विचार तर कोणीच केलेला नाही. पुण्याहून मावशी आली होती, तिला किनारा दाखवायला नेलं. तिचा अंबाडा हेडसेटच्या पट्ट्याला मागे सरकू देईना आणि कानातल्या कुड्या गादीखाली दाबल्या गेल्या. ‘अरे, हे टोचतंय रे,’ एवढंच ती वाटभर म्हणत होती, आणि तेही मला एकाच कानात ऐकू येत होतं. जुन्या इंटरकॉमला स्टिरिओ हेडसेट जोडला की एक कान मुका होतो. त्यासाठीचं मोनोचं बटण माझ्या हेडसेटमध्ये सेलांच्या डबीच्या आत, पेन्सिल सेल काढल्यावर दिसेल असं, तांदळाच्या दाण्याएवढं बसवलं आहे. उडत्या विमानात ते कोणी शोधायचं?

त्याउलट गाणी ऐकायचं ब्लूटूथ सगळ्यांकडे आहे. लाइटस्पीड कंपनीने मात्र 2022 मध्ये हेडसेटमध्येच कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र बसवलं, ते मला मोलाचं वाटतं. आमच्या विमानातलं हीटर एक्झॉस्टच्या नळीभोवतीची गरम हवा आत घेतं. नळीला चीर गेली तर विषारी वायू येतो, त्याला वास नसतो. असलं काही आणखी करा, असं मी प्रत्येक विक्रेत्याला सांगतो. तो मला नवे रंग दाखवतो.

शेवटी मी परत करण्याची मुदत देणाऱ्याकडून हेडसेट घेतले, आणि मुदतीत चष्म्यासह, इंजिन चालू असताना, तासाभराच्या उड्डाणांत पारखले. सगळ्यात ठीक निघाला तो ठेवला. तरी काडीची फट राहिलीच. मग चष्मेवाल्याकडे जाऊन कागदासारख्या पातळ, सरळ काड्यांची फ्रेम करून घेतली. तिचे पैसे हेडसेटच्या किमतीत धरावेत, आणि हे खोक्यावर छापावं.