लाल पानांची बदनामी

डिसेंबरात पॉइन्सेटियाची कुंडी आणून टीव्हीशेजारी ठेवली. तासाभरात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि वाटी हातात घेऊन दारातच थबकल्या. "अगं, विषारी असतं हे! आणि नातू रांगतोय ना तुझा?" विरजण घेऊन त्या गेल्या, शंका मात्र ठेवून गेल्या.

रात्री वाचत बसले. झाड मूळचं मेक्सिकोचं. तिथले अमेरिकेचे दूत जोएल पॉइन्सेट यांनी 1828च्या सुमारास ते मायदेशी नेलं, म्हणून हे आडनाव. ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगलेली पानं. खरी फुलं मधोमध, पिवळी, चिमुकली. नाव दुसऱ्याचं, फूल ते फूल नव्हे. अशावर संशय यायचाच. बदनामी सुरू झाली ती 1919 साली, हवाईत. लष्करी अधिकाऱ्याचं मूल पान खाऊन दगावलं अशी वदंता; सिद्ध काहीच झालं नाही. पुढे अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडच्या 22,793 प्रकरणांचा अभ्यास 1996 मध्ये छापून आला. मृत्यू एकही नाही, बहुतेकांना काही झालंच नाही. चिकाने कातडी चुरचुरते, फार चघळलं तर ओकारी, इतकंच.

आणि मला भाद्रपद आठवला. नुकताच बसायला लागलेला हाच नातू पत्रीच्या ढिगात बसला होता, मी कौतुकाने फोटो काढत होते. एकवीस पत्रींत धोतरा आहे, कण्हेर आहे, रुई आहे. धोतऱ्याने माणूस भ्रमिष्ट होतो, कण्हेर हृदयाचे ठोके बिघडवते, रुईचा चीक डोळ्याला इजा करतो. जुडी मंडईतून काकूंनीच आणून दिली होती. वर "एकवीस मोजून घे हो" म्हणाल्या होत्या. विषाचा विषयच निघाला नाही. घरचीच ना ती झाडं! पण देव पानं तोंडात घालत नाही, नातू घालतो.

कुंडी कपाटावर चढवली आणि दुसऱ्या दिवशी वाटी आणायला गेले. काकूंच्या टेबलावर कुणी दिलेला लिलीचा भलामोठा गुच्छ, आणि खाली मन्या बोका उडी मारायच्या बेतात. लिलीने मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात; अंगावर सांडलेले पराग चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी पुरतं. मी झटकन फुलदाणी उचलली.

"काकू, हा मी नेऊ? मन्याला बाधतं हो हे."

"ने की," काकू म्हणाल्या, "पण त्या विषारी झाडाशेजारी नको हं ठेवूस."