सतरा टक्क्यांचे राज्य

एकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसल्यांनी राज्य केले. सध्या तिथे ओलावा मोजणाऱ्या यंत्राचे राज्य आहे. मूठभर भात त्यात टाकायचे. आकडा १७ किंवा त्याखाली आला, तर शेतकरी हमीभावाचा धनी. १८ आला, तर भात रस्त्यावर पसरून बसायचे आणि सूर्यनारायणाची आळवणी करायची.

आता सूर्यनारायणाचेही ऐका. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटते. त्यावर कुरुवै हंगामाची लावणी होते आणि कापणी येते सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्याच ऑक्टोबरात तिथला खरा पावसाळा, म्हणजे ईशान्य मोसमी, दाखल होतो. कावेरीच्या खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आश्चर्य वाटते ते फक्त सरकारला, आणि दरवर्षी नव्याने वाटते.

२०२४ मध्ये मेट्टूरचे दरवाजे उघडायला जुलैअखेर उजाडली, तेव्हा पाणी नाही म्हणून बोंब होती. २०२५ मध्ये पाणी १२ जूनलाच सुटले, लावणी वाढली, पीक जोरात आले. इथेच शेतकऱ्याचे चुकले. इतके पिकवायला त्याला सांगितले कोणी? खरेदी केंद्रांसमोर ढीग लागले, माल हलवायला लॉऱ्या पुरेनात, वर ताडपत्री आणि खाली चिखल. भाताला जागेवरच मोड आले. भावाबद्दल मात्र कुणाची तक्रार नको. केंद्राच्या २३६९ रुपयांत राज्याने १३१ घालून क्विंटलला चोख २५०० केले होते. घेणारा तेवढा वेळेवर भेटला नाही.

मग चेन्नईने दिल्लीला विनवले, २२ टक्क्यांपर्यंत चालवून घ्या. दिल्लीने पथके धाडली. भर पावसात उघड्यावर पडलेले भात ओले आहे का, हे पाहायला अधिकारी विमानाने आले आणि नमुने घेऊन गेले! नमुन्याचा अहवाल येईतो ढिगाचे रोप झाले, तर ते कोणत्या निकषात बसवायचे, हेही एखाद्या परिपत्रकात सांगून टाकावे.

खोऱ्याकडे राज्य सरकारचे लक्ष नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२० मध्ये कायदा करून ते संरक्षित कृषी क्षेत्र ठरवले, तेल-वायूच्या नव्या प्रकल्पांना दार बंद केले. उत्तम केले. २०२४ मध्ये तंजावरात छोटे आयटी पार्कही उघडले. तिथे यंत्रांना गारवा लागतो आणि तो मिळतो. त्या इमारतीत चार दिवस भात ठेवू दिले असते, तर सतराचा प्रश्न परस्पर सुटला असता. धान्य सुकवायची यंत्रे आणि छपराची गोदामे गावोगाव उभारणे हा दुसरा मार्ग आहे, पण त्यात दिल्लीला पत्र लिहायचा आनंद नाही.

याच तंजावरच्या आपल्या सरफोजीराजांनी ऑक्टोबर १७९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. राज्याचा कारभार गेला, पण निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा आणि वर वर्षाला लाख होन पदरात पडले. त्या हिश्श्याचा ओलावा कुणी मोजल्याची नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही. राजाला सूट असते.

मराठी वाचकाने यावर फार हसू नये. लातूरच्या सोयाबीनला हेच यंत्र लावतात, तिथे आकडा १२ चा. २०२४ मध्ये ऐन नोव्हेंबरात, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, दिल्लीला एकाएकी १५ टक्के ओलावाही कोरडा वाटू लागला. तंजावरकरांनी यातून काही शिकावे म्हटले, तर त्यांची पंचाईत निराळीच आहे. तमिळनाडूत विधानसभेचे मतदान एप्रिल-मेमध्ये होते आणि कुरुवैचे भात निघते ऑक्टोबरात.