गॅस गिझरसह सदनिका भाड्याने देणाऱ्या घरमालक महोदयांस अनावृत पत्र



सदनिका अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर देण्याची जी रीत पुणे, नाशिक, ठाणे आदी शहरांत रूढ झाली आहे, तिचे दस्तऐवज वाचणाऱ्यास घरमालक महोदयांच्या काटेकोरपणाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. भिंतीला खिळा ठोकू नये, रात्री उशिरा पाहुणे आणू नयेत, घर सोडताना रंगाचे पैसे अनामत रकमेतून वळते होतील, असे सारे कलमवार नमूद केलेले असते. सोबतच्या यादीत पंखे, ट्यूबलाइट, पडद्यांचे दांडे मोजून लिहिलेले असतात. आणि तिच्या तळाशी, टॉवेल अडकवण्याच्या दांडीनंतर, 'गॅस गिझर, चालू स्थितीत' अशी नोंद आढळते. प्रस्तुत पत्र या शेवटच्या नोंदीपुरते आहे.

गॅस गिझर म्हणजे पाणी साठवून न ठेवता वाहते पाणी तत्क्षणी तापवणारे यंत्र. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने त्यातली झडप उघडते, दोन सेलवर ठिणगी पडते, बर्नर पेटतो आणि तांब्याच्या नळीतून फिरणारे पाणी कढत होऊन बाहेर येते. ज्योतीला हवा भरपूर मिळाली तर गॅस जळून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. परंतु यंत्र न्हाणीघरातच टांगलेले असले आणि बाहेरची हवा आत येत नसली, तर आतला प्राणवायू ज्योतच संपवू लागते, ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या घटकाशी, तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडला जातो. त्याला रंग नाही, वासही नाही. सिलिंडरमधल्या गॅसला येणारा उग्र दर्प मर्कॅप्टन या मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असून तो न जळलेल्या गॅसची गळती ओळखण्यासाठी असतो. त्यामुळे 'वास तर मुळीच आला नव्हता' हे महोदयांचे आवडते विधान पूर्णतः खरे आणि पूर्णतः निरुपयोगी ठरते. डोके जड होणे, मळमळणे, पायांतले बळ जाणे ही लक्षणे पित्ताची समजून माणूस कढत पाण्याखाली तसाच उभा राहतो, आणि कडी काढायचे सुचेपर्यंत हात उचलण्याची शक्ती उरलेली नसते.

महोदयांच्या सदनिकेतील न्हाणीघर जवळून पाहण्याजोगे आहे. डक्टकडे उघडणारी एकच खिडकी, तीत आडव्या काचांच्या पट्ट्या, बाहेरून कबुतरांची जाळी, आणि जाळीलाही न जुमानणाऱ्या कबुतरांमुळे दोन पट्ट्यांच्या फटीत घट्ट बसवलेला थर्माकोलचा तुकडा. हा तुकडा भाडेकरूने बसवलेला नसून महोदयांनी स्वतः, रंगकाम ताजे असताना, बसवून घेतलेला आहे. गिझर बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत लावावा आणि तेथून केवळ गरम पाण्याची नळी आत घ्यावी, हा उपाय कोणताही जाणता फिटर सांगतो. पण नळी आत घ्यायची तर भिंतीला भोक पाडावे लागते, आणि ज्या करारात खिळ्यालाही मनाई आहे त्यात भोकाचा विचार तरी कोणी कसा करावा! भाडेकरूने लेखी परवानगी मागितली असता 'टाइल्स फुटतील' असे उत्तर मिळाले.

त्यानंतरच्या पौषात, थंडी कडक असताना, त्या घरातील मुलगी न्हाणीघरात बेशुद्ध पडली. दार फोडून तिला बाहेर काढण्यात आले आणि वेळेवर प्राणवायू मिळाल्याने ती वाचली. महोदयांनी फोनवरून चौकशी केली. घर सोडतेवेळी अनामत रकमेचा जो हिशेब त्यांनी पाठवला, त्यात न्हाणीघराचे दार, कडी आणि सुताराची मजुरी 'भाडेकरूने केलेले नुकसान' या सदरात वजा केलेली होती. येथे उपरोधाची भाषा थिटी पडते. दार फुटले म्हणून मुलगी जिवंत आहे, आणि ज्याच्या थर्माकोलमुळे आणि टाइल्सच्या मायेमुळे ते फोडावे लागले, त्याने त्या दाराचे पैसे तिच्या आईबापांकडून कापून घ्यावेत, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

विम्याचा आधार असल्याचे महोदयांनी सुचवले, म्हणून त्याचाही उल्लेख करणे प्राप्त आहे. तेल कंपन्यांच्या विम्यात मृत्यूसाठी माणशी ६ लाख रुपये आणि उपचारांसाठी माणशी कमाल २ लाख रुपयांची तरतूद आहे खरी. परंतु तो गॅसमुळे लागलेल्या आगीच्या अपघातांसाठी आहे, आणि येथे तर एक पडदाही जळलेला नव्हता.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार घरमालकाला भाड्याच्या घरातील आपली गॅस उपकरणे दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी लागतात आणि त्या तपासणीची नोंद २८ दिवसांच्या आत भाडेकरूच्या हाती द्यावी लागते. न्हाणीघरात तर ज्वलनासाठी लागणारी हवा बाहेरून घेणारे आणि धूर बाहेरच सोडणारे बंदिस्त उपकरणच बसवता येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकतो, आणि महोदय ती इमानेइतबारे पार पाडतात. गिझरच्या वार्षिक तपासणीचा कागद मात्र त्या नोंदणीच्या वेळी त्यांच्याकडे कोणी मागत नाही.

आणि येथेच महोदयांविषयी, इच्छा नसताना, थोडी कणव वाटू लागते. ही सदनिका बहुधा निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली असते. भाड्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि औषधे भागवायची असतात. गिझर विकणाऱ्या दुकानदाराने बसवायला जो मुलगा पाठवला, त्याने रिकामी भिंत पाहिली, खिडकी पाहिली नाही. आणि महोदय स्वतः ज्या घरात राहतात, तेथेही गिझर न्हाणीघरातच, आरशाशेजारी टांगलेला आहे. जे संकट त्यांनी भाड्याने दिले, त्याच्या खाली ते रोज सकाळी स्वतः अंघोळ करतात.

तरी महोदयांस विनंती की, दिवाळीच्या अभ्यंगस्नानापूर्वी दोन्ही घरांतील गिझर न्हाणीघराबाहेर काढावेत, खिडकीतील थर्माकोल काढून टाकावा, आणि दार व कडीपोटी कापलेली रक्कम त्या कुटुंबास परत करावी. टाइल्स फुटल्याच तर त्यांचा खर्च पुढच्या भाडेकरूवर टाकू नये.

कळावे.